मांजराच्या कर्करोगावर उपचार: निर्णय कसा घ्यावा

मांजराची गाठ कर्करोगाची असू शकते असे पशुवैद्यकांनी सांगितले की घरात लगेच 'उपचार करायचे की नाही' हा प्रश्न निघतो, आणि त्या घटकेला त्याचे उत्तर कोणाकडेच नसते. कर्करोगाच्या काही गाठी वेळेत कापल्या तर मांजर पुढे कित्येक वर्षे सुखाने जगते. काहींत रोज किंवा दिवसाआड दिलेल्या गोळीवर दोन वर्षे निघतात. आणि काही असे असतात की कितीही खर्च केला तरी हाती दोन-तीन महिनेच राहतात. म्हणून हा निर्णय एका बैठकीत घेऊ नये. तो टप्प्याटप्प्याने घ्यावा, आणि प्रत्येक टप्पा सुरू करण्याआधी आपण कुठे थांबणार हे ठरवून ठेवावे. गोव्यात राहणाऱ्यांना यात प्रवासाचाही हिशेब मिसळावा लागतो, कारण विशेष उपचारांसाठी बहुधा घाट चढून किंवा रेल्वेने राज्याबाहेर जावे लागते.

आधी रोगाचे नाव

हाताला लागणाऱ्या गाठीतून बारीक सुईने पेशी काढून तपासणे, म्हणजे ज्याला दवाखान्यात एफएनएसी म्हणतात ती तपासणी, स्वस्त असते आणि बहुतेक वेळा त्यासाठी भूलही द्यावी लागत नाही. तिच्यातून दिशा कळते. रोगाचे नक्की नाव आणि त्याची प्रत, म्हणजे तो किती आक्रमक आहे, हे मात्र बायोप्सीतून, म्हणजे गाठीचा तुकडा किंवा अख्खी गाठ तपासून कळते. आतड्याच्या आजारात तर हे विशेषच खरे आहे, कारण आतड्याची जुनाट सूज आणि सौम्य प्रकारचा लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) बाहेरून अगदी सारखे दिसतात: अधूनमधून उलट्या, हळूहळू उतरणारे वजन, कधी पातळ शी. सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड दिसली तरी या दोहोंतला फरक तेवढ्यावरून सांगता येत नाही.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. वजन घटलेल्या, उलट्या करणाऱ्या मांजराला 'चार दिवस स्टेरॉइड देऊन पाहू' असे पुष्कळदा होते, आणि मांजर खरोखरच तरतरीत होते. पण रोग लिम्फोमा असेल तर स्टेरॉइडमुळे त्या पेशी तात्पुरत्या विरतात, नंतर घेतलेल्या नमुन्यात निदान लागत नाही, आणि पुढे केमोथेरपी द्यायची ठरली तर तिचा परिणामही कमी होऊ शकतो. तेव्हा नमुना घेण्यापूर्वी स्टेरॉइड सुरू करू नये, अशी विनंती डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत करावी. मांजर अगदी शेवटच्या अवस्थेत असेल आणि घराने केवळ आराम द्यायचे ठरवले असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा हेच औषध उपयोगी पडते.

काढलेली गाठ फेकून देऊ नये, ती पूर्णच्या पूर्ण तपासणीला पाठवावी. ती तिच्या दहापट मापाच्या, दहा टक्के फॉर्मलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) बुडवून गेली पाहिजे, आणि कापलेल्या कडांपर्यंत रोग पोहोचला आहे का, हे अहवालात लिहून यावे असे आधीच सांगावे. नमुना बाहेरगावच्या प्रयोगशाळेत जाणार असेल तर अहवालाला आठवडाभर किंवा अधिक लागू शकतो. तेवढ्या दिवसांत रक्त, मूत्रपिंड आणि यकृत यांच्या तपासण्या, फेलाइन ल्युकेमिया व एफआयव्ही या दोन विषाणूंची चाचणी, दहा वर्षांवरील मांजराची थायरॉइड तपासणी, छातीचे तीन बाजूंनी एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी उरकून घ्यावी. म्हाताऱ्या मांजराचे मूत्रपिंड आधीच थकलेले असेल तर पुढचा सगळा विचारच बदलतो, आणि ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

नाव कळल्यावर काय समजायचे

मांजरांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक म्हणजे लिम्फोमा, आणि त्याचे दोन प्रकार एकाच नावाखाली येत असले तरी निर्णयाच्या दृष्टीने ते दोन वेगळे रोग आहेत. लहान पेशींचा, सावकाश वाढणारा प्रकार बहुतेक म्हाताऱ्या मांजरांच्या आतड्यांत होतो. त्याला प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) आणि क्लोरँब्युसिल (केमोथेरपीचे औषध) या गोळ्या घरीच देता येतात, बहुसंख्य मांजरांना त्यांचा गुण येतो, आणि निम्म्याहून अधिक मांजरे सुमारे दोन वर्षे किंवा त्याहून जास्त जगतात. मोठ्या पेशींचा प्रकार मात्र झपाट्याने वाढतो. त्यासाठी व्हिनक्रिस्टिन, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन अशी औषधे सुरुवातीला दर आठवड्याला, शिरेतून, सुमारे सहा महिने द्यावी लागतात. एवढे करून साधारण आयुष्य काही महिन्यांचे मिळते, आणि ज्या मांजरांचा रोग औषधांनी पूर्ण दबतो त्यांनाच त्याहून बरेच जास्त. केवळ स्टेरॉइडवर हा प्रकार महिना-दोन महिने निभावतो. 'लिम्फोमा आहे' एवढ्यावर कोणी घाबरवले किंवा धीर दिला, तर 'लहान पेशींचा की मोठ्या पेशींचा' हे विचारल्याशिवाय घरी येऊ नये.

मांजरीच्या स्तनातील गाठ ही कुत्रीच्या गाठीपेक्षा जास्त गंभीर समजावी, कारण दहापैकी आठ-नऊ गाठी घातकच निघतात. येथे गाठीच्या आकाराला फार महत्त्व आहे: व्यास दोन सेंटिमीटरहून कमी असताना शस्त्रक्रिया झालेल्या मांजरी साधारणपणे तीन वर्षांहून अधिक जगतात, तर तीन सेंटिमीटरच्या पुढे गेलेल्या गाठीनंतर बहुधा काही महिनेच मिळतात. त्यामुळे 'वाटाण्याएवढीच तर आहे, चतुर्थी झाली की बघू' असे म्हणणे महागात पडते. गाठीपुरते कापण्याऐवजी त्या बाजूची स्तनांची अख्खी रांग काढण्याचा सल्ला सहसा दिला जातो. तो ऐकायला कठोर वाटला तरी योग्य असतो. मांजरीची नसबंदी सहा महिन्यांच्या आत केली तर हा रोग होण्याचा धोका सुमारे ९१ टक्क्यांनी कमी होतो. घरात दुसरी लहान मांजरी असल्यास हे ध्यानात घ्यावे.

कानांची टोके, नाक आणि पापण्या पांढऱ्या असलेली मांजरे गोव्याच्या उन्हात बाल्कांवावर (घरापुढच्या ओसरीवर) किंवा गच्चीवर तासन् तास पडून राहतात, आणि तेथेच त्यांना स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग होतो. कानाच्या कडेला न भरणारी, पुन्हा पुन्हा खपली धरणारी जखम आढळली तर ती भांडणातली समजून मलम लावत राहू नये. वेळेत कानाचा तेवढा भाग काढला तर मांजर बहुधा बरे होते. दिसायला जरा विचित्र दिसते, पण त्याला स्वतःला त्याचे काही वाटत नाही. हाच रोग तोंडात, जिभेखाली किंवा जबड्यात झाला तर चित्र अगदी उलटे असते: उपचार करूनही बहुतेक मांजरे दोन-तीन महिन्यांत जातात आणि वर्ष पूर्ण करणारी शंभरात दहासुद्धा नसतात. या एका रोगाबाबत माझे मत स्पष्ट आहे. गाठ अगदी लहान असताना आणि जबड्याच्या पुढच्या टोकाला सापडली नसेल, तर मोठ्या शस्त्रक्रियेमागे न धावता वेदना थांबवण्यावर सगळे लक्ष द्यावे.

इंजेक्शन दिलेल्या जागी होणारा सार्कोमा (त्वचेखालच्या मऊ ऊतींचा कर्करोग) दुर्मीळ आहे, म्हणून लस टाळू नये, रेबीजची तर मुळीच नाही. मात्र लशीच्या जागची गाठ तीन महिने टिकली, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली, किंवा महिन्यानंतरही वाढत राहिली, तर तपासून घ्यावी. ही गाठ घाईने 'काढून टाकली' तर परत येते. पहिलीच शस्त्रक्रिया भोवतीचा बराच निरोगी भाग घेऊन, अनुभवी सर्जनकडून व्हायला हवी. त्वचेवरच्या मास्ट पेशींच्या (अ‍ॅलर्जीत काम करणाऱ्या पेशींच्या) गाठी मांजरांत बहुधा सौम्य असतात आणि प्लीहेतल्या गाठीतही प्लीहा काढल्यावर मांजरे बऱ्यापैकी जगतात, एवढे त्यांच्याबद्दल पुरे.

डॉक्टरांना काय विचारावे

भेटीला जाताना प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि घरातील दोन माणसांनी जावे, कारण एकट्या माणसाला त्या खोलीत ऐकलेले निम्मे आठवत नाही. उपचाराचा हेतू रोग समूळ काढणे हा आहे की काही काळ दाबून ठेवणे हा, हे आधी विचारावे. 'साधारण आयुष्य आठ महिने' असे सांगितले गेले तर तो आकडा मध्यक असतो, म्हणजे निम्मी मांजरे त्याआधी गेलेली असतात आणि निम्मी त्यानंतरही जगलेली असतात; आपले मांजर कोणत्या बाजूला पडण्याची शक्यता जास्त आणि कशावरून, हा पुढचा प्रश्न. त्या आठ महिन्यांतले किती दिवस दवाखान्यात, किती दिवस अशक्तपणात आणि किती दिवस नेहमीसारखे जातात, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही.

केमोथेरपी म्हटले की आपल्यासमोर घरातल्या किंवा शेजारच्या माणसाचे हाल उभे राहतात. प्राण्यांना ती बरीच सौम्य मात्रेत देतात, कारण हेतू चांगले दिवस मिळवण्याचा असतो. मांजरांचे केस सहसा गळत नाहीत, मिशा गळतात. एक-दोन दिवस खाणे कमी होणे, उलटी होणे, आणि आठवडाभराने पांढऱ्या पेशी घटून ताप येण्याची शक्यता, हे दुष्परिणाम मात्र गृहीत धरावेत. मांजरांचा थोडा कमी अनुभव असलेल्या ठिकाणी उपचार घेत असाल तर आणखी एक खात्री करून घ्यावी: माणसांना आणि कुत्र्यांना देतात ते सिसप्लॅटिन मांजराला प्राणघातक ठरते, आणि ५-फ्लुओरोयुरॅसिलचेही तसेच. नम्रपणे विचारले तर कोणताही चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही.

दुसरे मत घेण्यात संकोच करू नये. मांजराला लगेच न्यावे लागते असेही नाही. आधी बायोप्सीचा अहवाल, रक्ताचे अहवाल आणि एक्स-रे पाठवून फोनवर सल्ला मिळतो का ते पाहावे.

मांजराचा स्वभाव आणि प्रवास

रोग एकच असला तरी निर्णय दोन घरांत दोन असू शकतो. समजा, म्हापशाच्या फ्लॅटमधले नऊ वर्षांचे मांजर आहे. माणसांना सरावलेले, गोळी लोण्यात लपवली की खाणारे, पिंजऱ्यात झोपणारे. त्याला लहान पेशींचा लिम्फोमा असेल तर उपचार न करण्याला फारसे कारण नाही. आता सत्तरी तालुक्यातल्या वाड्यावरचा चौदा वर्षांचा बोका घ्या. तो जेवायला घरी येतो, बाकी वेळ काजूच्या बागेत असतो, आणि पकडायला गेले तर तीन दिवस तोंड दाखवत नाही. त्याच रोगावरची तीच गोळी त्याला देणे म्हणजे त्याला उरलेले दिवस खोलीत कोंडून ठेवणे होय. वैद्यकीय पुस्तकात हे दोघे एकाच रकान्यात असतील, पण बोक्याला खाण्यातून देता येईल तेवढेच औषध देऊन मोकळे ठेवणे हा तितकाच जबाबदार निर्णय आहे, आणि तो घेणाऱ्यांना कोणी निष्काळजी म्हणू नये.

प्रवासाकडेही उपचाराचाच भाग म्हणून पाहावे. शस्त्रक्रिया, गोळ्यांचा उपचार, रक्ततपासणी या गोष्टी पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा परिसरात होण्यासारख्या असतात. त्यापुढे जायचे तर मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे, महालक्ष्मीला २०२४ मध्ये सुरू झालेले टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय आहे, आणि बंगळुरूला हेब्बाळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. प्राण्यांसाठी विकिरण उपचार देशात फार थोड्या ठिकाणी होतात, आणि त्यात दर वेळी भूल द्यावी लागते. एकदाच करायच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईला जाणे समजण्यासारखे आहे. पण दर आठवड्याच्या शिरेतल्या औषधासाठी आजारी मांजराला दहा-बारा तास नेणे आणि आणणे, हे मला क्वचितच पटते. त्याऐवजी योजना बाहेरच्या तज्ज्ञाने आखावी आणि ती गोव्यातल्या डॉक्टरांनी अमलात आणावी, असे दोघांना बोलते करून पाहावे.

जायचेच ठरले तर रेल्वेत मांजराला सोबत नेण्यासाठी प्रथम वर्ग वातानुकूलित डब्यातली अख्खी कूपे किंवा केबिन घ्यावी लागते. ब्रेक व्हॅनमधून, म्हणजे सामानाच्या डब्यातून, पाठवण्याची जी दुसरी सोय असते ती आजारी मांजरासाठी नाही. गाडीने बेळगाव-बंगळुरूकडे जाताना पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद पडू शकतो, हे धरून ठरलेल्या वेळेच्या आदल्या दिवशी निघावे. प्रवासापूर्वी द्यायचे शांत करणारे औषध डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि त्याचा परिणाम एकदा घरी पाहून ठेवावा.

पैसा आणि घरातली माणसे

पैशाचा विचार करणे म्हणजे प्रेम कमी असणे, ही समजूत आधी मनातून काढावी. एकूण खर्चाचा अंदाज लेखी मागावा आणि त्यात औषधांबरोबरच दर खेपेची रक्ततपासणी, भूल, दाखल राहण्याचे दिवस, दुष्परिणाम झाला तर येणारा खर्च आणि प्रवास हे सगळे धरलेले असावे. अर्ध्यावर पैसे संपून थांबलेला उपचार हा मांजराला सर्वांत वाईट पडतो, कारण त्रास झालेला असतो आणि लाभ मिळालेला नसतो. विमा आजार कळल्यानंतर काढून उपयोग नाही. आधीच असलेला आजार त्यात धरत नाहीत.

केमोथेरपीची गोळी हातमोजे घालूनच हाताळावी, तिचे तुकडे किंवा पूड करू नये, आणि औषधानंतरचे किमान दोन-तीन दिवस मांजराची लघवी, शी, उलटी हातमोजे घालून साफ करावी. घरात गर्भवती स्त्री किंवा रांगते मूल असेल तर हे काम कोण करणार, हे पहिल्या गोळीच्या आधी ठरवावे. रोज औषध देणारी व्यक्ती कोण, याचाही तेव्हाच विचार व्हावा. बहुतेक घरांत निर्णय एक जण घेतो आणि गोळी भरवताना ओरबाडून दुसराच घेतो. त्या दुसऱ्याचे मत आधी विचारावे.

थांबण्याच्या अटी आधीच लिहाव्यात

उपचार सुरू करतानाच एका कागदावर लिहून ठेवावे: किती आठवड्यांत कोणता फरक दिसला नाही तर थांबायचे, आणि मांजराच्या कोणत्या दोन-तीन आवडीच्या गोष्टी बंद झाल्या तर पुढे जायचे नाही. दारात पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की धावणे, ठरावीक खिडकीत उडी मारणे, अंगावर येऊन झोपणे, अशा गोष्टी या कागदावर असाव्यात; 'बरे वाटत नाहीसे दिसले तर' असे मोघम लिहून काही कळत नाही.

रोजच्या नोंदीसाठी डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस या पशुवैद्यक कर्करोगतज्ज्ञांनी तयार केलेली मोजपट्टी सोपी आहे. वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यायचे. सत्तरपैकी पस्तीसच्या वर असेल तर जगणे ठीक चालले आहे असे मानतात. घरातल्या दोघांनी एकमेकांना न दाखवता गुण द्यावेत. मांजर वेदना लपवते, म्हणून चेहराही वाचायला शिकावे: कान बाहेरच्या बाजूला वळून चपटे होणे, डोळे आक्रसणे, तोंडाभोवतीचा भाग ताठणे, मिशा सरळ पुढे येणे, डोके खांद्यांच्या रेषेखाली झुकणे. झोपेत असताना मिनिटाला तीसहून जास्त श्वास सतत मोजले गेले, किंवा ते तोंड उघडून श्वास घेऊ लागले, तर सकाळची वाट पाहू नये.

आराम देणे हाही उपचार आहे

कर्करोगाविरुद्धचे औषध नको असे ठरले तरी दवाखान्याशी संबंध तोडू नये. वेदनाशामके, उलटीवर मॅरोपिटंट, भुकेसाठी मिर्टाझपिन, त्वचेखाली सलाईन, हे सगळे घरी देता येते आणि त्याने दिवस खरोखर सुधारतात. घरातली माणसांची गोळी मात्र कधीही देऊ नये; पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर दगावते. हळद, काढे, सुगंधी तेले सुचवणारे पुष्कळ भेटतात. त्यांतली टी ट्री तेलासारखी तेले मांजराला विषारी असतात.

दोन दिवस काहीच न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून नवाच आजार उभा राहतो, म्हणून भुकेकडे आरामाच्या उपचारातही दुर्लक्ष चालत नाही. अन्न किंचित कोमट करून वास सुटला की कित्येक मांजरे खातात. उकडून काटे काढलेले तारले किंवा बांगडा, मीठ-मसाला-कांदा न घालता, त्याच पाण्यासकट द्यावा, कच्चा नको. नुस्त्याशिवाय, म्हणजे मासळीशिवाय, तोंड न उघडणाऱ्या मांजराची जून-जुलैच्या मासेमारीबंदीत पंचाईत होते, तेव्हा मे महिन्यातच थोडे उकडून शीतकपाटात गोठवून ठेवावे.

शेवटची भेट

दयामरणाचा निर्णय झाला तर डॉक्टर घरी येऊ शकतील का, हे आधी विचारून ठेवावे, आणि रविवारी किंवा रात्री कोणाला फोन करायचा तो क्रमांक कागदावर लिहून ठेवावा. आधी गुंगीचे इंजेक्शन देऊन मांजर पूर्ण झोपल्यावरच भूल देणाऱ्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून दिली जाते ना, याची खात्री करावी; भूल न देता थेट दुसरे कोणतेही औषध टोचण्यास नकार द्यावा. डोळे उघडेच राहतात आणि काही वेळा स्नायू हलतात किंवा एखादा खोल श्वास आल्यासारखे वाटते. मांजराला तेव्हा काहीही कळत नसते, पण लहान मुले जवळ असतील तर त्यांना हे आधीच सांगून ठेवावे.

स्वतःच्या आवारात पुरायचे असेल तर विहिरीपासून दूर, कुत्र्यांना उकरता येणार नाही एवढा खोल खड्डा करावा. पावसाळ्यात खालच्या जमिनीत लगेच पाणी लागते, म्हणून उंचवट्याची जागा आधीच पाहून ठेवावी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी अंत्यविधीची सोय दवाखान्यातच विचारावी. उरलेल्या केमोथेरपीच्या गोळ्या कचऱ्यात किंवा संडासात टाकू नयेत, डॉक्टरांकडे परत द्याव्यात. न उघडलेल्या सलाईनच्या बाटल्या आणि मिर्टाझपिनची पट्टी मात्र दवाखान्यात दिली तर दुसऱ्या एखाद्या मांजराच्या कामी येते.